हिवाळ्याचे पैसे वेगळे

पडद्यावरची बटणं कमी करण्यात माझा हात धरणारं अख्ख्या शोव्दे गावात कुणी नाही. हे असं स्वतःच्या तोंडाने सांगणं आमच्या स्वीडनमध्ये चांगलं समजत नाहीत. इथे माणसाने उत्तम काम करायचं, मग कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि कुणीतरी येऊन "हे तू केलंस?" असं विचारेपर्यंत वाट बघायची. मी बावीस वर्षं कोपऱ्यात उभी आहे, अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला तरी सांगून टाकावं.

मी सोल्वेग. जुन्या दूधडेअरीच्या वरच्या मजल्यावर आमची चौदा माणसांची कंपनी आहे आणि आम्ही संगणकावरचा एक ऐतिहासिक खेळ बनवतो. त्याचं नाव 'सात राजे, एक समुद्र'. खेळणाऱ्याने बाल्टिक समुद्राकाठचा एक राजा व्हायचं आणि तीनशे वर्षं राज्य सांभाळायचं. खेळ निघून नऊ वर्षं झाली. एकदा विकलेल्या खेळावर चौदा जणांचे पगार नऊ वर्षं निघत नाहीत, म्हणून आम्ही त्याच्या पुरवण्या काढतो. 'हेरिंग आणि मीठ' घेतली की राज्यात मासेमारी सुरू होते. 'विधवा राण्या' घेतली की राजा मेल्यावर राणी गप्प बसत नाही. शिवाय 'बिशप' आहे, 'प्लेग' आहे, आणि 'हिवाळा' आहे.

हो, हिवाळा वेगळा. मूळ खेळात बारा महिने उन्हाळा. इतिहास स्वीडनचा, आणि त्यात बर्फ पडायला हवा असेल तर वर एकशे एकोणपन्नास क्रोनर मोजा! ही कल्पना वीवेकाची. किमती ठरवण्याचं खातं तिच्याकडे आहे. मी एकदा तिला म्हटलंही, "अगं वीवेका, लोक काय म्हणतील?" तर म्हणाली, "ज्यांना थंडी सोसत नाही, त्यांनी तिचे पैसे का भरायचे?" हिवाळ्याची किंमत एकशे एकोणतीस की एकशे एकोणसत्तर यावर आमच्या पाच बैठका झाल्या होत्या. आमच्याकडे मतदान नसतं, सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. शेवटी कुणालाच न आवडलेल्या मधल्या आकड्यावर कुणाचीच हरकत उरली नाही.

प्रत्येक पुरवणी आली की तिची चार बटणं पडद्यावर येऊन बसायची. दहा पुरवण्यांनंतर बटणं झाली त्रेचाळीस, आणि नकाशा मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला. राजाला स्वतःचं राज्य दिसेना. लोक भयंकर चिडले. पुरवण्या महाग, मांडणी गचाळ, असं जो तो लिहायला लागला आणि खप निम्म्यावर आला. एका सोमवारी हेन्निंगने, म्हणजे आमच्या साहेबाने, कॉफीचं यंत्र बिघडलंय हे ज्या आवाजात सांगावं त्या आवाजात सांगितलं, "अकरावी पुरवणी चालली नाही, तर मार्चमध्ये आपण बंद होऊ." मग त्याने सगळ्यांना बन वाटले. मी एक्कावन्न वर्षांची. या वयात मला दुसरीकडे कोण बटणं काढायला बोलावणार?

म्हणून मी त्याच बैठकीत छाती ठोकून सांगितलं, "अकराव्या पुरवणीत त्रेचाळीस बटणांचं मी एक बटण करते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. येर्कर हा आमचा प्रोग्रॅमर. त्याची मान बाराही महिने लोकरीच्या मफलरात असते. त्याने मफलर जरा खाली ओढला आणि विचारलं, "एक बटण करणार काय?"

"त्या क्षणी माणसाला जे करावंसं वाटेल, ते. शत्रू आला तर लढाई, गोदाम भरलं तर व्यापार. आपल्या कंपनीतले चौदा जण रोज कामाचा भाग म्हणून खेळतात की नाही? दोन वर्षांतली आपली एकेक टिचकी नोंदलेली आहे. त्यावरून बटणाला शिकव. माणसाच्या मनात काय आहे हे त्याला आपोआप कळेल."

"इंटरेस्टिंग आहे," येर्कर म्हणाला. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ 'हे करू नकोस' असा होतो, पण मी तो त्या दिवशी सरळ घेतला.

तीन आठवड्यांत बटण तयार झालं. पडद्याच्या खाली, मधोमध, गोल, फिकट निळं. बाकी सगळा नकाशा! इतकं देखणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. हेन्निंग खूश झाला आणि म्हणाला, "आता अल्गोतला बोलवू या."

अल्गोतचं नाव काढलं की आमच्या कचेरीत लोक आवाज खाली आणतात. वय एकाहत्तर. योता कालव्यावर शोतोर्पला तीस वर्षं पाण्याचे दरवाजे उघडायचं काम केलं. आता निवृत्त. आमचा खेळ तो चार हजार तासांहून जास्त खेळलाय आणि त्याने काही लिहिलं की बाकीचे खेळणारे ते वाचूनच पाकिटाला हात घालतात. त्याने आमची एकही पुरवणी कधी विकत घेतलेली नाही. का, तर तत्त्व. "ऋतू विकणाऱ्यांना मी पैसे देत नाही," असं त्याने एकदा लिहिलं होतं. त्याच्या काल्मारच्या राज्यात चार हजार तास उन्हाळाच होता.

ठरलं असं, की त्याने गुरुवारी दोन वाजता यायचं, स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या राज्यात, अकरावी पुरवणी फुकट बसवून तीन तास खेळायचं आणि मग जे वाटेल ते लिहायचं. त्याने चांगलं लिहिलं तर आम्ही तरलो, नाहीतर मार्च.

अल्गोत एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आला. बूट दाराशी काढले, राखाडी लोकरीच्या मोज्यांवर आत आला आणि टेबलाशी बसला. मी शेजारी वही घेऊन बसले.

"तू काय करतेस इथे?" त्याने विचारलं. आमच्या देशात एक राजा सोडला तर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात.

"मी नुसत्या नोंदी घेते," मी म्हटलं. मनात योजना अशी होती, की तीन तासांनी त्याने विचारावं, 'हे बटण कुणी केलं?' आणि मी मान खाली घालून गप्प राहावं, म्हणजे हेन्निंगने माझं नाव सांगावं. आमच्याकडे फुशारकी अशीच मारायची असते.

पहिला अर्धा तास स्वर्ग होता. अल्गोतने बटण दाबलं, लोखंड ल्युबेकला गेलं. पुन्हा दाबलं, किल्ल्याची भिंत वाढली. तो "हं" म्हणाला. मी वहीत 'हं' लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

दोन पस्तीसला त्याने जहाजं बाहेर काढायला बटण दाबलं. जहाजं हलली नाहीत, कारण नेमकी तेव्हाच पडद्याच्या कडेने एक पाटी सरकत आली. 'ही पुरवणी तुमच्याकडे नाही. हवी आहे का?' ही पाटी वीवेकाची. पाटी आणि खरेदी यांच्यामध्ये 'नक्की ना?' असला कुठलाही प्रश्न नको, हा तिचा हट्ट, आणि एक प्रश्न कमी झाला म्हणून मीही तेव्हा आनंदाने होकार दिला होता.

अल्गोतला चष्म्यातून पाटी दिसली नाही. त्याला फक्त जहाजं हलत नाहीत एवढंच दिसलं. मग त्याने तुम्ही-आम्ही जे करतो तेच केलं. बटण पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा. मग भराभर. एकूण दहा वेळा. दर वेळी एक पाटी जायची, दुसरी यायची आणि त्याच्या खिशात फोन थरथरायचा.

"गुनवोर असेल," तो म्हणाला. गुनवोर त्याची बायको. "अंडी आण म्हणून सांगत असेल. नंतर बघतो."

मग काल्मारवर काहीतरी पांढरं पडायला लागलं.

अल्गोतने चष्मा काढून पुसला. "हे काय आहे?"

"बर्फ," मी म्हटलं.

"माझ्याकडे हिवाळा नाही."

"हो, तसा नाहीच."

"मग हा कुणाचा?"

तोवर बंदरात त्याची सगळी जहाजं गोठली होती. त्याच्या राजाला एका मिनिटात प्लेग झाला आणि तो वारला. लगेच विधवा राणीने तिजोरीच्या किल्ल्या मागितल्या. राणीला अडवायला बिशप आला, तो आपली फी मागायला लागला. बिचाऱ्याने चार हजार तास जिवापाड जपलेलं राज्य, त्यात दहा पुरवण्या एका दमात घुसल्या! लग्नाच्या मांडवात दहा वरातींनी एकदम शिरावं तसं झालं.

"मी पाणी घेऊन येते," असं म्हणून मी उठले आणि येर्करच्या टेबलाकडे पळाले.

"येर्कर, बटणाने त्याला सगळ्या पुरवण्या विकल्या!"

येर्करने नोंदी उघडल्या. मफलर हळूहळू नाकापर्यंत वर गेला. "बरोबरच शिकलंय ते," तो म्हणाला. "ती पाटी आली की आपण चौदाही जण दर वेळी 'हवी' म्हणतो."

"कारण आपल्याला त्या फुकट असतात!"

"ते त्याला कोणी सांगितलं?"

"किती गेले त्याचे?"

"सतराशे वीस क्रोनर." मग त्याने आणखी एक नोंद उघडली. "सोल्वेग, आणखी एक गोष्ट आहे. आता किती वाजले?"

"तीनला पाच कमी."

"तू परत जा त्याच्याकडे," येर्कर म्हणाला. "लवकर जा."

मी पाण्याचा पेला घेऊन पोचले तेव्हा परिस्थिती आणखी बिघडली होती. समुद्र गोठल्यामुळे डॅनिश सैन्याला जहाजं लागेनाशी झाली होती. सहा हजार सैनिक सामुद्रधुनीच्या बर्फावरून सरळ चालत काल्मारकडे येत होते. खेळात तारीख होती दोन एप्रिल. अल्गोतचे कान लाल झाले होते. बटणावर बोट ठेवून तो भिंतीवर धनुर्धारी उभे करत होता, आणि तो जिंकेल अशी मला जरा आशा वाटायला लागली, एवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले.

सगळं थांबलं. डॅनिश सैनिक बर्फावर एक पाय उचलून उभे. बाण हवेत. राणीचा हात किल्ल्यांवर. बटणावर अक्षरं आली, 'विराम'.

अल्गोतने दाबलं. 'विराम'. पुन्हा दाबलं. पुन्हा 'विराम'.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षं, रोज साडेनऊला आणि तीनला, आम्ही चौदाच्या चौदा जण काय करत होतो? खेळ थांबवून कॉफीला जात होतो. बटणाने माणसाच्या मनातलं ओळखायचं व्रत घेतलं होतं, आणि तीन वाजता आमच्या मनात दुसरं काहीही नसतं. जगबुडी आली असती तरी आम्ही आधी कप विसळले असते. येर्करने नंतर सांगितलं, की जुलैमध्ये आम्ही सगळे सुट्टीवर असतो, म्हणून तेव्हा ते बटण पाच आठवडे चाललंच नसतं.

"हे मुद्दाम केलंय का?" अल्गोतने विचारलं.

त्याच क्षणी हेन्निंग हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या लगद्याचा, केक दोन्ही हातांत धरून दारात आला. त्याला घडलेल्या गोष्टींचा पत्ता नव्हता. "आमच्याकडे प्रत्येक गोष्ट विचार करून, सगळ्यांच्या सहमतीने होते," तो अभिमानाने म्हणाला. "चल, कॉफी."

आम्ही टेबलाभोवती बसलो. अल्गोत कप घेऊन खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर नोव्हेंबरचा अंधार पडायला लागला होता. मग त्याने अंड्यांचं बघायला फोन काढला.

बँकेचे दहा संदेश त्याने एकेक करून वाचले. आमच्याकडे माणूस संतापला की ओरडत नाही. कप बशीत ठेवतो आणि "जाहा" म्हणतो. म्हणजे 'अच्छा, असं आहे होय'. अल्गोतने कप बशीत ठेवला.

"जाहा," तो म्हणाला.

वीवेकाने काटा खाली ठेवला. हेन्निंगच्या हातातली सुरी केकमध्ये अर्ध्यावर थांबली. मला समोर मार्च दिसायला लागला, रिकामी टेबलं, खालचा दरवाजा कायमचा लावलेला.

"चूक आमची आहे," हेन्निंग म्हणाला. "वीवेका, याचे पैसे आत्ताच्या आत्ता परत कर."

वीवेकाने तिथेच संगणक उघडला, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि मग अगदी लहान आवाजात वाचलं, "आपण हा खेळ दोन तासांपेक्षा जास्त खेळला आहात. पैसे परत करता येणार नाहीत."

"किती तास धरलेत?" अल्गोतने विचारलं.

"चार हजार एकशे बारा."

"बरोबर आहेत," तो म्हणाला.

शेवटी हेन्निंगने स्वतःच्या फोनवरून त्याला सतराशे वीस क्रोनर पाठवले. शून्य एक जास्त पडलं, मग ते खोडलं. अल्गोत मात्र फोनकडे बघतच नव्हता. त्याची नजर पुन्हा खिडकीबाहेर लागली होती.

"एप्रिल आहे," तो एकदम म्हणाला.

"नोव्हेंबर आहे, अल्गोत," हेन्निंग काळजीने म्हणाला.

"काल्मारला एप्रिल आहे. दोन एप्रिल. एप्रिलच्या बर्फावर मी कालव्यात कुत्र्याला पाय ठेवू दिला नसता." तो माझ्याकडे वळला. "नोंदीवाल्या बाई, तुमच्या त्या हिवाळ्यात बर्फ वितळतो का?"

मी येर्करकडे बघितलं. येर्करने मफलर खाली घेतला. "वितळतो. वर जे असेल ते बुडतं. मीच लिहिलंय ते. पण इथे कुणी तेवढा वेळ थांबतच नाही, त्यामुळे अजून कुणी बघितलेलं नाही."

तीन वाजून वीस मिनिटांनी विराम उठला. आम्ही चौदा जण अल्गोतच्या खुर्चीमागे उभे होतो. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बटणाला स्पर्शही केला नाही. डॅनिश सैन्य पुढे निघालं. तीन एप्रिल, चार एप्रिल. आघाडीचा घोडा भिंतीपासून दोन बोटांवर आला. माझ्या शेजारी वीवेकाने डोळे मिटून घेतले. सहा एप्रिलला एक बारीक कट्ट असा आवाज झाला, बर्फावर एक काळी रेघ उमटली, आणि सहा हजार सैनिक तोफांसकट समुद्रात गेले.

अल्गोतने खुर्ची मागे सरकवली. केकचा आणखी एक तुकडा मागून घेतला, खाल्ला, बूट घातले आणि अंडी घ्यायला गेला.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बटण मी तेव्हाच काढून टाकलं होतं, त्यातला तीनचा विराम तेवढा राहून गेला होता, आणि बटणाचा विषय निघाला की मी प्रिंटरचा कागद बघायला उठत होते. मंगळवारी सकाळी साडेनऊला, कॉफीच्या वेळी, हेन्निंग हातात कागद घेऊन आला. अल्गोतने लिहिलं होतं.

"'हिवाळ्याचे पैसे मी परत घेणार नाही,'" हेन्निंग वाचायला लागला. "'बाकीच्या नऊ पुरवण्यांचे घेतले, हिवाळ्याचे एकशे एकोणपन्नास क्रोनर आज परत पाठवले. किंमत लुटीची आहे. पण ऋतू खरा आहे.'"

वीवेकाने रुमाल काढला. नऊ वर्षांत तिच्या किमतीबद्दल कुणी इतकं गोड बोललं नव्हतं.

"'आणि आता मुख्य गोष्ट. तीन वाजता हा खेळ थांबतो. ऐन लढाईत, काही झालं तरी थांबतो. माणूस कॉफी पितो, खिडकीबाहेर बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की सगळ्याच लढाया हातांनी लढायच्या नसतात. चार हजार तासांत मी पहिल्यांदा विचार करून जिंकलो. त्याच दिवसापासून मी घरी तीन वाजता गुनवोरबरोबर कॉफी पितो. ती विचारते, हे शहाणपण तुला कुणी शिकवलं? ज्याने कुणी हा विराम घातला, त्याला माणसाच्या मनातलं कळतं. ही पुरवणी घ्या.'"

ही पुरवणी घ्या! सगळे उठून उभे राहिले. येर्करने मफलर काढून हवेत फिरवला, त्याची मान मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. हेन्निंगचे डोळे भरून आले. मार्च टळला होता, हे कुणी म्हणायची गरज नव्हती. मग तेराही जण माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते अखेर आलं, आणि मी अगदी रीतीप्रमाणे मान खाली घातली.

"अजून आहे," हेन्निंग म्हणाला.

टाळ्या थांबल्या.

"'एकच तक्रार. पडद्याखालचं ते निळं बटण ज्याने केलं, त्याला माणसाच्या मनातलं ओ की ठो कळत नाही. त्या माणसाला ताबडतोब त्या खुर्चीवरून उठवा आणि विराम घालणाऱ्याला तिथे बसवा.'"

येर्करने मफलर पुन्हा गुंडाळला. शेवटी हेन्निंगने गावभर वाचलं जाईल असं उत्तर लिहायला घेतलं, 'प्रिय अल्गोत, तुझ्या सूचनेप्रमाणे दोन्ही बदल आजच केले आहेत.' मग त्याची लेखणी थांबली. हेन्निंग खोटं लिहीत नाही. तो माझ्या टेबलापाशी आला, खाकरला आणि म्हणाला, "सोल्वेग, जरा उठतेस का?"

मी उठले. टेबलाला एक चक्कर मारली आणि परत त्याच खुर्चीवर येऊन बसले.

"धन्यवाद," हेन्निंग म्हणाला आणि त्याने पत्र पाठवून दिलं.